हलक्यातले नको, भारीतले दाखवा

हीराबाई: बसा, पाहुणे, बसा. दगड गार आहे, पण एकदा टेकलं की काही कळत नाही. लाजायचं काय त्यात?

अखिल: नाही भुआजी, दमलो वगैरे नाही. व्ह्यू बघायला थांबलो. इथून हायवे काय मस्त दिसतो.

चेलना: हायवे गाडीतूनही दिसत होता. त्याच्यावरूनच आलो आपण.

हीराबाई: बघू दे गं त्यांना. आधीच्या वळणावर थांबले तेव्हा पत्र्याचं शेड बघत होते. त्याच्या आधी बाभूळ. आता हायवे. जळगावात या गोष्टी मिळत नसतील.

अखिल: वर अजून किती आहे?

चेलना: आत्ता कुठे अर्ध्यात आलोय. तो काय दरवाजा.

अखिल: तो? तो तर मघाशीही तिथेच होता.

हीराबाई: दरवाजा आहे हो, हलत नाही. आपणच हलायचं असतं. सोनगीरचा गड आहे हा, पाहुणे, हिमालय नाही. माझं माहेर खालच्या आळीत. बापाचं भांड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की आम्ही पोरी वर बोरं खायला यायचो, अनवाणी. खाली जाईपर्यंत आईच्या चुलीवरचा चहा उकळलेलाही नसायचा.

अखिल: तेव्हाची गोष्ट वेगळी, भुआजी. आता ट्रेकिंगचं एक शास्त्र आहे. अँकल सपोर्ट लागतो. म्हणजे घोटा मुरगळू नये म्हणून बूट उंच पाहिजे, तळ जाड पाहिजे.

चेलना: घोट्याच्या वर किती आला आहे हा बूट?

अखिल: असेल की, वीतभर.

चेलना: आणि त्यात घोटा हलतो का?

अखिल: अजिबात नाही. तीच तर क्वालिटी आहे.

चेलना: म्हणून चालताना गुडघा बाहेर फेकताय. मी शाळेत पोरांना खेळ शिकवते, मला चाल दिसते. मागून वाटत होतं, दोन्ही पायांना प्लास्टर घालून कुणी चाललंय.

हीराबाई: असं बोलू नये, चेलना, आत्या म्हणून सांगते. आपल्याकडे मुलगा मुलगी बघायला आलाय. आधी गोड बोलायचं, मग प्लास्टर काढायचं.

अखिल: बोलू द्या, भुआजी. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात.

हीराबाई: ती लग्नाआधी सगळ्यांनाच आवडतात. पण मला एक सांगा. हस्तीमलजींनी स्थळ आणलं, फोनवर म्हणाले, मुलगा एकुलता एक, कापडाचं पिढीजात दुकान, आणि दर रविवारी डोंगर चढतो. मी हिला सांगितलं. ही एरवी स्थळाचं नाव काढलं की शिट्टी घेऊन ग्राउंडवर पळते. यावेळी म्हणाली, मग घरी पोहे कशाला, गडावरच भेटू. मलाही पटलं. आमच्या पोह्यांत कांदा नसतो, नुसत्या पोह्यांसाठी माणसाला जळगावहून धुळ्याला काय बोलवायचं? आता खरं सांगा. दर रविवारी कुठला डोंगर चढता?

अखिल: दर रविवारी म्हणजे... हस्तीमलकाका जरा वाढवून सांगतात. सोयरीक जुळवणाऱ्या माणसाला तेवढं करावं लागतं.

चेलना: वाढवून म्हणजे मुळात काहीतरी असेल. मूळ काय आहे?

अखिल: पद्मालयाच्या गणपतीला चालत गेलोय.

चेलना: एरंडोलहून? छान आहे की मग. चांगलंच अंतर आहे.

अखिल: एरंडोलहून नाही. पार्किंगपासून.

हीराबाई: घ्या. मी म्हणत होतेच, दुरून डोंगर साजरे.

अखिल: पण इच्छा खरी आहे. म्हणून तर खास बूट घेतले. आजच पहिल्यांदा घातलेत.

चेलना: कोरे बूट घालून थेट गडावर?

अखिल: घरात घालून बघितले होते ना. गादीवर.

चेलना: गादीवर?

अखिल: दुकानातली गादी, बसायची. बूट कोरे होते, तळ स्वच्छ होता. एकदम आरामदायक वाटले.

हीराबाई: कापडवाल्याचा मुलगा, दुसरीकडे कुठे चालून बघणार.

(डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई रबरी चपलांत शेजारून खाली उतरून जाते.)

हीराबाई: काय भिकुबाई, बरं शे ना? हा, आमना पाव्हना शे. ऐकलंत का, पाहुणे? बूट बघून विचारत होती, पाव्हना पलटणमा शे का, फौजेत. मी मान डोलावली. आता तिला काय सांगू, कापड दुकानमा शे म्हणून?

अखिल: तिला सवय आहे, भुआजी. या लोकांचे पाय तयार असतात.

चेलना: तुमचेही होते. तुम्ही बुटात कोंडले. काढा ते.

अखिल: नको, ठीक आहे.

चेलना: डावी टाच उचलून ठेवताय कधीपासून. काढा. शाळेत दहावीची पोरं अशीच लपवतात आणि मग दोन दिवस लंगडतात.

अखिल: पहिल्या भेटीत बूट काढून बसणं बरं दिसत नाही.

हीराबाई: पहिल्या भेटीत उचलून खाली न्यावं लागलं तर ते बरं दिसेल का? माझ्याच्यानं होणार नाही. हिच्यानं होईल, पण मग फोटो कोणीतरी काढेल.

अखिल: काढतो. लेस जरा... असं. आई गं.

चेलना: दोन्ही टाचांना फोड आलेत. डावा फुटला आहे. थांबा, माझ्याकडे पट्टी आहे. मोजा हळू सोडवा, चिकटलाय.

हीराबाई: बघू हो तो बूट इकडे. अगंबाई, काय हे वजन. वरणगावच्या कारखान्यात दारूगोळा बनतो ऐकून होते, आता बूटही तिथेच बनवायला लागले की काय?

अखिल: वजन असणारच, भुआजी. ओरिजिनल लेदर आहे. आतून-बाहेरून.

हीराबाई: काय म्हणालात?

अखिल: लेदर. म्हणजे... रेग्झिनसारखं.

हीराबाई: रेग्झिनसारखं की कातडं?

अखिल: कातडं.

हीराबाई: आणि ते तुम्ही माझ्या हातात दिलंत. आज माझं एकासणं आहे, पाहुणे, एकदाच जेवायचं व्रत. चेलना, पाणी दे हातावर. माझी मोठी बहीण दीक्षा घेऊन साध्वी झाली, गावोगाव अनवाणी विहार करते, आणि तिच्या भाचीला बघायला मुलगा आलाय गुरांचं कातडं पायात घालून. तुमच्या घरी चालतं हे? तुमच्या आई तर म्हणे रोज सामायिक करतात, ध्यानाला बसतात.

अखिल: आईला रेग्झिन सांगितलंय.

चेलना: आईला रेग्झिन, आम्हाला दर रविवार. पायाला सोडून बाकी सगळ्यांना खोटं सांगितलंत.

अखिल: माझं ऐका तरी. माझ्या मनात हलके घ्यायचे होते. देवाशपथ. तुमच्या पायात आहेत ना, तसेच, कापडाचे. मी पप्पांबरोबर दुकानात गेलो. अमीनभाईंचं दुकान, आमचे जुने ओळखीचे. त्यांनी दोन जोड काढले आणि विचारलं, शेठ, हलके दाखवू की भारी?

हीराबाई: मग?

अखिल: मग काय. आमच्या दुकानात हा प्रश्न आम्ही रोज विचारतो. साडी हलक्यातली दाखवू की भारीतली. हलक्यातली मागणाऱ्याला नोकर बाहेरच्या फळीवर दाखवतो. भारीतली मागणाऱ्याला आत बसवतो, चहा येतो. पप्पांसमोर मी हलके म्हणू? तोंड उघडायच्या आत पप्पाच बोलले. म्हणाले, अमीनभाई, आमच्या घरात हलकं येत नाही, भारीतलेच काढा.

चेलना: अमीनभाई वजनाचं विचारत होते.

अखिल: ते मला आत्ता कळतंय.

हीराबाई: टाचेला आधी कळलं. तुमच्यापेक्षा हुशार निघाली.

अखिल: अमीनभाई एकदा म्हणालेसुद्धा, शेठ, डोंगराला हलके बरे. पप्पा हसले. त्यांना वाटलं, ह्यांच्याकडे हलका माल पडून राहिलाय, आमच्या गळ्यात मारतायत.

चेलना: आणि तुम्ही?

अखिल: मी पाय पुढे केला. एक मिनिट हां, पप्पांचाच फोन आहे. हॅलो, हां पप्पा. हो, भेटलो. हो, बरोबरच आहेत सगळे. वर? हो, पोहोचलो, वरच आहोत. बूट? एकदम भारी, पप्पा. पायात आहेत की नाहीत कळतसुद्धा नाही. हो, हो. संध्याकाळी सांगतो. ठेवतो.

हीराबाई: शेवटचं मात्र खरं बोललात. पायात नाहीतच.

चेलना: आपण वर पोहोचलो?

अखिल: त्यांना काळजी वाटते म्हणून बोललो. तुम्ही रागावलात?

चेलना: अजून नाही. पाय इकडे करा. पट्टी लावते, हलवू नका.

अखिल: तुमचा हात किती हलका आहे. म्हणजे चांगल्या अर्थानं. खरं सांगू का, मला तुम्ही पहिल्या वळणावरच आवडलात. एवढं बोलता, पण पट्टी बरोबर घेऊन आलात. हस्तीमलकाका उगीच नाही म्हणाले, मुलगी एकदम भारीतली आहे, घर जरा हल...

चेलना: पुढे?

अखिल: काही नाही. पट्टी लागली का?

चेलना: वाक्य पूर्ण करा.

अखिल: तसं काही नव्हतं ते. व्यवहारातली भाषा असते, काका दलाली करायचे पूर्वी धान्याची...

चेलना: घर जरा काय?

अखिल: हलकं. घर जरा हलकं आहे, म्हणाले.

हीराबाई: असं.

अखिल: भुआजी, त्यांच्या मनात वाईट नव्हतं.

हीराबाई: मनातलं मला काय दिसतंय? तोंडातलं ऐकलं. माझा भाऊ गेल्यापासून मी आणि हिची आई बांगड्यांचं दुकान चालवतो. ह्या मुलीला शिकवलं, कुणापुढे हात न पसरता. आमच्याकडे बायका येतात, बांगडी हातात घेतात, नाक मुरडतात, म्हणतात हलकी आहे. मी म्हणते, बाई, हलकी आहे म्हणून तर दिवसभर हातात राहील, भाकरी थापताना आठवणसुद्धा होणार नाही. त्या हसतात आणि भरून घेतात. बांगडी तोलतात ते ठीक आहे, ती विकायला ठेवलीय. पण माझं घर कुणी असं हातात घेऊन वरखाली करून बघितलं असेल, हे मला माहीत नव्हतं. मला लागलं हे, पाहुणे. सकाळपासून मी तुमची थट्टा करतेय, पण ही गोष्ट मला हसून नेता येणार नाही.

अखिल: मी माफी मागतो.

चेलना: काका हे म्हणाले तेव्हा तुम्ही कुठे होतात?

अखिल: तिथेच होतो. घरात, सोफ्यावर.

चेलना: काय म्हणालात?

अखिल: मी चहा घेत होतो.

चेलना: मी ते नाही विचारलं.

अखिल: काही नाही म्हणालो. पप्पा म्हणाले, बघू, मुलगी चांगली असेल तर घराचं चालवून घेऊ. मी कप ठेवला आणि दुकानात गेलो.

चेलना: मला बुटांचं काही वाटत नाही. डोंगर चढत नाही याचंही नाही, चढता येतो कुणालाही. पण उद्या मी जळगावला आले, आणि तुमच्या त्या सोफ्यावर बसून कुणी माझ्या आईला, भुआला हलकं म्हणालं, तर तुम्ही चहाच घेणार. आणि मी आत पोहे करत ते ऐकणार. तेही कांद्याशिवाय.

हीराबाई: उठ, चेलना. खाली जाऊ. गाडीपर्यंत यांना तुझ्या खांद्याचा आधार दे, तेवढी माणुसकी करू.

अखिल: थांबा, भुआजी. जरा थांबा. मी तुम्हाला सरळच सांगतो. मला हे जमायला हवंय. दुकानदाराचा मुलगा म्हटलं की मुली फोटोसुद्धा उघडत नाहीत. सगळ्यांना पुण्याचा हवा, कंपनीवाला. कुणी म्हणतं आयुष्यभर ताग्यांमागे बसायचं का, कुणी म्हणतं जळगावात उन्हाळा फार. इतक्या ठिकाणांहून नकार आले की आईनं मला सांगायचंच सोडलं. तुम्ही एकट्या म्हणालात, भेटू. मला वाटलं, डोंगरच हवा असेल तर डोंगर सांगू. खोटं बोललो. पण भेटायचं होतं ते खरं होतं.

चेलना: दुकानाचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. आमचंही दुकानच आहे. तुम्ही नुसतं दुकान सांगितलं असतंत तरी मी भेटले असते.

अखिल: खरंच?

चेलना: पोहे खाऊन निघाला असतात. टाचाही शाबूत राहिल्या असत्या.

अखिल: आता काय करू, सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो.

चेलना: हेच तर. पप्पा म्हणाले म्हणून बूट घेतले, आता मी म्हणते म्हणून काहीतरी कराल. मी काही सांगणार नाही.

अखिल: फोन करू?

चेलना: मला विचारताय?

अखिल: नाही. करतो. इथे रेंज आहे ना?

चेलना: इथपर्यंतच आहे. वर नाही.

हीराबाई: मग इथेच करा. वर जाऊन वाऱ्याला सांगितलेलं पप्पांना ऐकू येत नाही.

अखिल: हॅलो, पप्पा. हो, मीच. नाही, विसरलो काही नाही. पप्पा, आम्ही वर नाही पोहोचलो. अर्ध्यातच आहे मी. बूट चावले. हो, तेच, नवे. नाही पप्पा, माल चांगलाच आहे, त्याचा दोष नाही. जड आहेत. अमीनभाई वजनाचं म्हणत होते, आपल्याला कळलं नाही. दोन्ही टाचा सोलल्यात. नाही, गाडी नका पाठवू. मला हलके घ्यायचे होते, पप्पा. तेव्हा बोललो नाही. हो, आत्ता बोलतोय. आणि अजून एक. हस्तीमलकाका त्या दिवशी म्हणाले ना, घर हलकं आहे म्हणून. तुम्ही चालवून घेऊ म्हणालात. ते मला आवडलं नव्हतं. आपण कोण चालवून घेणारे? नाही, मला कुणी शिकवलेलं नाही. हो, शेजारीच आहेत, ऐकतायत. ऐकू दे की. काकांना सांगा, असं पुन्हा कुठे बोलू नका. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. हॅलो? पप्पा? हॅलो?

हीराबाई: रेंज गेली?

अखिल: नाही. ठेवला.

चेलना: असं करतात का ते?

अखिल: मला माहीत नाही. असं मी कधी बोललोच नव्हतो. ठेवतात की नाही ते बघायची वेळच आली नाही. फोन अजून कानालाच धरलाय मी.

चेलना: ठेवा तो खिशात.

अखिल: संध्याकाळी घरी गेल्यावर काय होईल, कुणास ठाऊक. आई बिचारी दोघांच्या मधे फिरेल. तुमचं उत्तर काय असेल ते असो, मी आता विचारणार नाही. तुम्ही जा वर, तुमचा रविवार माझ्यामुळे फुकट गेला. मी अनवाणी उतरतो हळूहळू.

हीराबाई: अनवाणी कसले उतरता? खडी आहे सगळी, गोखरूचे काटे पडलेत. माझ्या बहिणीचे पाय वेगळे, तिनं त्यासाठी संसार सोडलाय. चेलना, माझ्या पिशवीत स्लिपर आहे बघ. गाडीत बूट काढून घालायला आणली होती.

चेलना: ही? निळ्या पट्ट्यांची, फुलं असलेली?

हीराबाई: तीच. मला बापाचे मोठे पाय मिळालेत, कुणालाही होईल. टाच मोकळी राहते, घासणार नाही काही.

अखिल: भुआजी, फुलांची चप्पल?

हीराबाई: हो, फुलांची. आता भिकुबाई परत भेटली तर सांगेन, पाव्हना पलटणमाईन सुटना.

अखिल: द्या. घालतो.

चेलना: उठा हळू. कशी वाटते?

अखिल: पाय माझेच आहेत असं वाटतंय. मघापासून कुणाचे तरी ओढत होतो.

चेलना: मग खाली कशाला जाताय? इथून वर तेवढंच आहे, जेवढं खाली. वर एक जुनी विहीर आहे, खोल. तुमच्याकडे दर रविवारचं खोटं आहे, निदान एक रविवार खरा करा.

अखिल: म्हणजे... होकार समजू का मी?

चेलना: विहीर समजा. आज फक्त विहीर.

अखिल: चालेल. आणि ते बूट?

हीराबाई: राहू द्या तिथेच, दगडावर. मी कातड्याला हात लावणार नाही. येताना तुमचे तुम्ही घ्या, लेस बांधून गळ्यात अडकवा.

अखिल: तोवर कुणी उचलून नेले तर?

हीराबाई: इथली माणसं रोज हा गड चढतात-उतरतात. ती कशाला नेतील?

चेलना: चला. दरवाज्याशी उजवीकडून या, डावीकडे दगड निसटतात. भुआ, तू?

हीराबाई: मी बसते इथेच, हायवे बघत. फार मस्त दिसतो म्हणे. जा तुम्ही.

अखिल: भुआजी, खोटं नाही सांगत, ही चप्पल एकदम भारी आहे.

हीराबाई: हलकी आहे म्हण, बेटा. जिभेला सवय होऊ दे.